स्कॅनच्या रांगेत चुकीची माणसं

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका शाळासोबत्यानं स्वतःलाच वाढदिवसाची भेट दिली. वाढदिवस सेहेचाळिसावा आणि भेट म्हणजे 'संपूर्ण शरीर तपासणी'चं पॅकेज. रक्ताच्या साठ-सत्तर चाचण्या, सोनोग्राफी, पट्ट्यावर चालवून काढलेला कार्डिओग्राम आणि त्या महिन्याची खास सवलत म्हणून फुप्फुसांचा लो-डोस सिटीस्कॅन फुकट. गृहस्थानं जन्मात सिगारेट ओढलेली नाही. कॉलेजात आम्ही टपरीमागं उभे असायचो, तेव्हाही हा नुसता चहा घ्यायचा. स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पाच मिलिमीटरची एक गाठ निघाली. अहवाल रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर आला, साडेदहाला हा माझ्या दारात.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करा, असं त्याला सांगण्यात आलं. त्या तीन महिन्यांत गावाकडची जमीन बायकोच्या नावावर झाली, कधी नव्हे तो पाच देवस्थानांना जाऊन आला आणि वजन चार किलोंनी उतरलं, जे त्यानं कर्करोगाच्या खात्यात लिहिलं. दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच निघाली. कधीतरी येऊन गेलेल्या एखाद्या जंतुसंसर्गाची ती खूण असावी. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या छातीत अशा खुणा असतात आणि त्या घेऊन माणसं नव्वदीपर्यंत जगतात. धूम्रपान न केलेल्या माणसाच्या छातीत अशी सहा मिलिमीटरच्या आतली एकटी गाठ योगायोगानं सापडली, तर सहसा तिचा पाठपुरावासुद्धा लागत नाही, असा या विषयातल्या डॉक्टरांचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणजे दुसऱ्या स्कॅनचीही गरज नव्हती. पहिल्याची तर नव्हतीच.

तरीही हा स्कॅन महाराष्ट्रात सुरू व्हावा, सरकारनं तो करावा आणि फार वेळ न लावता करावा, असं माझं मत आहे. फक्त माझ्या मित्राचा नव्हे.

लो-डोस स्कॅनसाठी वेगळं यंत्र लागत नाही. नेहमीचंच सिटीस्कॅनचं यंत्र कमी किरणांवर चालवायचं. शिरेतून औषध नाही, उपाशी राहणं नाही. आडवं व्हायचं, एकदा श्वास रोखायचा, काही सेकंदांत काम संपतं. किरणांची मात्रा दीड मिलिसिव्हर्टच्या आत राहते. आभाळातून आणि जमिनीतून आपल्याला एरवीही वर्षाला सरासरी अडीचेक मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त एवढी. नेहमीच्या छातीच्या स्कॅनमध्ये ती याच्या चार-पाच पट असते. चित्र थोडं दाणेदार येतं, पण फुप्फुसात हवाच भरलेली असल्यानं त्या काळ्या पार्श्वभूमीवर मिरीएवढी गाठही उठून दिसते.

ती दिसणं एवढं मोलाचं का? कारण फुप्फुस दुखत नाही. त्याच्या आतल्या भागाला वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. गाठ आवरणाला, बरगडीला किंवा मोठ्या श्वासनळीला भिडते तेव्हा खोकला, रक्त, दुखणं सुरू होतं आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. भारतात वर्षाला 80 हजारांहून थोड्या अधिक लोकांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं निदान होतं आणि 75 हजारांच्या आसपास माणसं त्यानं मरतात. हे दोन आकडे इतके शेजारी-शेजारी आहेत, यातच सगळं आलं. बहुतेक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात डॉक्टरांसमोर येतात. पहिल्या टप्प्यात सापडलेली गाठ शस्त्रक्रियेनं काढता येते आणि तसे बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

इथं एक सापळा आहे आणि पॅकेज विकणारे नेमके त्यात आपल्याला पकडतात. 'लवकर सापडला की माणूस जास्त जगतो' हे वाक्य ऐकायला निर्विवाद वाटतं. समजा, एखाद्याला सदुसष्टाव्या वर्षी मरण यायचंच आहे. खोकल्यावरून रोग सहासष्टाव्या वर्षी कळला, तर कागदावर तो एक वर्ष जगला. स्कॅनवरून बासष्टाव्या वर्षी कळला, तर पाच वर्षं जगला. तिरडी दोन्ही वेळा एकाच दिवशी उचलली. वाढली ती फक्त रोग माहीत असण्याची मुदत. म्हणून 'निदानानंतर किती जगले' हा प्रश्न इथं बिनकामाचा. 'स्कॅन केलेल्या आणि न केलेल्या गटांत मेले किती' हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या एका मोठ्या स्कॅन-प्रकल्पानं 2006 मध्ये पहिल्या प्रश्नाचं झळाळतं उत्तर छापलं: पहिल्या टप्प्यात सापडलेल्यांपैकी 88 टक्के दहा वर्षं जगतील. तुलनेला दुसरा गटच नव्हता. दोन वर्षांनी वर्तमानपत्रांतून बाहेर आलं, की त्या संशोधनाला एका प्रतिष्ठानामार्फत सिगारेट कंपनीच्या मालक-समूहाचा पैसा मिळाला होता. सिगारेटवाल्यांना या स्कॅनचं प्रेम का वाटावं, हे समजायला फार डोकं चालवावं लागत नाही. ओढत राहा, वर्षाला एकदा फोटो काढून घ्या.

खऱ्या प्रश्नाचं उत्तर 2011 मध्ये आलं. अमेरिकेतच 53 हजारांवर लोक घेतले. वय 55 ते 74, दिवसाला एक पाकीट याप्रमाणे निदान तीस वर्षं सिगारेट ओढलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचा सलग तीन वर्षं लो-डोस स्कॅन, दुसऱ्याचा साधा एक्स-रे. स्कॅनच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगानं झालेले मृत्यू 20 टक्क्यांनी कमी भरले. पुढं 2020 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या चाचणीतही पुरुषांमध्ये दहा वर्षांअखेर 24 टक्क्यांची घट दिसली. अशा जोखमीच्या साधारण 320 जणांचे स्कॅन केले की एकाचं या रोगानं होणारं मरण टळतं. तपासणीच्या जगात हा हिशेब वाईट नाही, चांगलाच आहे.

आणि हो, एक्स-रेचा असा फायदा होत नाही. गेल्या शतकाच्या सत्तरीपासून तो करून पाहिलेला आहे, दीड लाखांवर माणसांवरही करून पाहिला; मृत्यू कमी झाले नाहीत. दरवर्षी छातीचा फोटो काढून निर्धास्त होणारे वडीलधारे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत, त्यांना हे सांगायला हवं.

आता या सगळ्या आकड्यांच्या पोटातली अट बघा. फायदा दिसला तो पन्नाशी-पंचावन्नीच्या पुढच्या, वर्षानुवर्षं धूर ओढलेल्या माणसांत. अमेरिकेत आज 50 ते 80 वयाच्या, वीस 'पाकीट-वर्षं' पूर्ण केलेल्यांना हा स्कॅन करून घ्या असं सांगतात. पाकीट-वर्ष म्हणजे दिवसाला वीस सिगारेटींचं एक पाकीट, वर्षभर. ज्याला धोका कमी, त्याच्याबाबत 320 चा आकडा हजारांत जातो आणि नुकसान मात्र तेवढंच राहतं. ते नुकसानही लहान नाही. त्या अमेरिकी चाचणीत दर चार स्कॅनांमागं एकात काहीतरी संशयास्पद निघालं, आणि त्या संशयितांपैकी 96 टक्क्यांना कर्करोग नव्हता. संशय म्हणजे पुन्हा स्कॅन, कधी छातीत सुई घालून तुकडा काढणं, कधी त्या सुईनं फुप्फुस बसणं, क्वचित कारण नसताना शस्त्रक्रिया. नंतरच्या वर्षांत गाठ मोजण्याच्या पद्धती सुधारल्या. नुसता आकार न बघता तीन महिन्यांत ती वाढली का, हे बघायला लागले आणि खोटे इशारे बरेच कमी झाले. पण ते कमी झाले शिस्तीच्या कार्यक्रमांत. 'सवलतीत फुकट' मिळालेल्या अहवालामागं ही शिस्त कुठून असणार? तिथं गाठीचं माप लिहून खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढं छापलं की संपलं.

हे सगळं परदेशी. आपल्याकडे काय?

आपल्याकडे विडी आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातले 7.7 टक्के प्रौढ विडी ओढत होते आणि 4 टक्के सिगारेट. सगळ्या मोठ्या चाचण्या मात्र सिगारेटच्या पाकिटावर बेतलेल्या. मग विडीची पाकीट-वर्षं मोजायची कशी? दिवसाला चाळीस विड्या, तीस वर्षं, असा एक माणूस घ्या. एका विडीला एक सिगारेट धरली, तर त्याची साठ पाकीट-वर्षं होतात. पण विडीत तंबाखू असते सिगारेटच्या जेमतेम पाव हिश्शाएवढी. वजनानं मोजलं, तर हाच माणूस पंधरावर येतो आणि वीसची अट चुकवून रांगेबाहेर पडतो. एका गणितानं तो सर्वांत जोखमीचा, दुसऱ्या गणितानं अपात्र.

माझ्या मते वजनाचं गणित चुकीचं आहे. ज्यानं कुणाला विडी ओढताना नीट पाहिलंय त्याला ते सांगावं लागणार नाही. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी सारखी विझायला बघते. म्हणून ती खोल आणि भराभर ओढावी लागते, गाल आत जाईपर्यंत. तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही. विडी 'हलकी', 'देशी', 'पानाची' म्हणून निरुपद्रवी, हा समज आपल्या खेड्यापाड्यांत पक्का आहे. तो सरकारदरबारीही असावा, कारण सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेनं विडीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला. सिगारेटला 40 टक्क्यांच्या गटात टाकायचं ठरलं तेही त्याच बैठकीत. विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न पुढं केला जातो. तो प्रश्न खराच आहे, सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. पण त्या बाईची मजुरी वाढवण्याऐवजी तिच्या नवऱ्याची विडी स्वस्त ठेवायची, ही कुठली कामगारकळकळ?

विडीनंतर टीबी. इथं मला आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या मावसबहिणीचे सासरे, आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणायचो, यंत्रमागावर काम करून निवृत्त झालेले. विडीची दोन बंडलं रोज. एकसष्टाव्या वर्षी खोकला धरला, महिनाभर हटेना. एक्स-रे काढला, 'डाग आहे' म्हणाले. थुंकी तपासली, टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी केली, दोन्हीत टीबी नाही. तरी एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू झाली, कारण आपल्या भागात डाग म्हणजे टीबीच. पहिल्या महिन्यात जरा बरं वाटलं, किंवा सगळ्यांनी तसं धरलं. गोळ्यांनी लघवी लाल होते, उलट्या होतात, भूक मरते, हे माहीत असल्यानं वजन घटत गेलं त्याचं कुणी नवल केलं नाही. पाचव्या महिन्यात छातीत पाणी झालं. ते काढून तपासायला पाठवलं, त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. त्यानंतर तात्या सात महिने होते. शेवटच्या दिवसांत ते मावसबहिणीला विचारायचे, "अगं, टीबीच्या गोळ्या पुऱ्या केल्या ना मी? एकही चुकवली नाही." चुकवली नव्हतीच.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक एकट्या भारतात आहेत. डाग बघून टीबीची शंका पहिल्यांदा घेणारा डॉक्टर शंभरांतल्या बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण विडी ओढणारा साठीतला माणूस, थुंकीत जंतू नाहीत, औषधानं दोन महिन्यांत फरक नाही, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढची चिठ्ठी सिटीस्कॅनचीच असायला हवी. हा नियम करायला विधानसभेत कायदा लागत नाही. क्षयरोग विभागाचं एक परिपत्रक पुरे. आणि एक लक्षात घ्या, तात्यांना हवी होती ती 'स्क्रीनिंग' नव्हेच. लक्षणं असलेल्या माणसाचं वेळेत निदान आणि लक्षण नसलेल्या माणसाला बोलावून तपासणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली जमत नसताना दुसरीच्या गप्पा मारणं मला तरी लाजिरवाणं वाटतं. लो-डोस स्कॅनचा कार्यक्रम सुरू करायचा असेल, तर त्याच्या आदल्या दिवशी हे परिपत्रक निघालेलं असावं.

टीबीमुळं दुसरीही अडचण होते. आपल्या लोकांच्या फुप्फुसांत जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीच्या गाठी आणि वळ भरपूर. तेव्हा स्कॅनमध्ये खोटे इशारे परदेशापेक्षा जास्त येणार, हा आक्षेप डॉक्टर मंडळी हमखास घेतात. तो बरोबर आहे. पण तो आक्षेप स्कॅन करूच नका असं म्हणत नाही, तो म्हणतो घाई करू नका. चुना साचलेली जुनी गाठ अनुभवी रेडिओलॉजिस्टला ओळखू येते. बाकीच्यांबाबत तीन महिने थांबून वाढ बघायची. थांबणं हाच इथला इलाज. मात्र थांबलेल्या माणसाला तीन महिन्यांनी परत आणणारं कुणीतरी लागतं. रोजंदारीवरचा माणूस, ज्याला काही दुखत नाही, खुपत नाही, तो एक दिवसाचा खाडा करून, दीडशे रुपये एसटीला घालून, पुन्हा जिल्ह्याला का येईल? त्यातून 'गाठीला सुई लावली की पसरते' हे आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलेलं. कार्यक्रम पडला तर तो इथं पडेल. यंत्रावरून पडणार नाही.

गंमत म्हणजे, माणसाला परत आणायचं कसं, हे जगाला शिकवणाऱ्यांत आपणच होतो. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 52 गावसमूहांत 1 लाख 31 हजारांवर बायकांची पाहणी केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन वेगवेगळ्या तपासण्या वेगवेगळ्या गटांत करून पाहिल्या. निष्कर्ष 2009 मध्ये आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं (हा कर्करोग ज्या विषाणूमुळं होतो, तो शोधणारी चाचणी) त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, बाकीच्या दोन तपासण्यांनी तसा ठळक फरक पडला नाही. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटावरून पुढं नैतिकतेचा वाद झाला आणि तो अस्थानी नव्हता. पण ऊसतोडीला जाणाऱ्या, पाण्याला दोन कोस चालणाऱ्या बायकांच्या त्या जिल्ह्यातून मिळालेल्या उत्तरावर आज जगभरचे देश आपली धोरणं आखतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन, व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीनं त्याच कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी खाली आले. व्हिनेगरची ही पद्धत उस्मानाबादच्या पाहणीतही होती; तिथं फरक न दाखवलेली ती इथं फळाला आली. मुंबईत तीच तपासणी दर दोन वर्षांनी पुन्हा होत होती, बायकांना पुन्हा पुन्हा बोलावलं जात होतं. नुसत्या यंत्राच्या किंवा द्रावणाच्या नावावर काही ठरत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की फुप्फुसाच्या स्कॅनचा पहिला कार्यक्रम सोलापूर जिल्ह्यात घ्या. तिथं यंत्रमाग आहेत, विडी आहे, बार्शीचं रुग्णालय आहे, आणि मुख्य म्हणजे बार्शी भागात 1987 पासून कर्करोगाची ग्रामीण नोंदवही चालू आहे. किती मेले, किती वाचले, हे तिथं मोजता येतं. न मोजता केलेला कार्यक्रम म्हणजे पॅकेजच, फक्त सरकारी. वय पन्नासपासून पुढं धरा, कारण आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं अलीकडे गाठतो. विडी आणि सिगारेट नगाला नग मोजा. यादीसाठी नवा सर्व्हेही नको. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा 'सीबॅक' नावाचा फॉर्म आशाताई भरतात. त्यात तंबाखू-विडी विचारलेली आहे, घरात चूल आहे का गॅस ते विचारलेलं आहे, वीटभट्टीसारख्या धुराधुळीच्या जागी काम करता का तेही विचारलेलं आहे. हा कागद भरला जातो, वर जातो आणि तिथंच राहतो. मानधनासाठी ज्यांना आझाद मैदानात दिवसचे दिवस बसावं लागलं, त्या आशाताईंवर आणखी एक काम फुकटात लादू नका, एवढी मात्र अट. तीन महिन्यांनी माणूस परत आणला, तर त्याचे पैसे आशाताईला आणि एसटीचं भाडं व बुडालेली मजुरी त्या माणसाला. हा खर्च स्कॅनच्या खर्चातच धरायचा.

'ज्या देशात तोंडात बॅटरी मारून बघायला जमत नाही, तिथं सिटीस्कॅन?' असा सगळ्यांत टोकदार सवाल येतो आणि तो टाळून चालणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तोंडाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदाही तपासणी झालेले पुरुष देशात होते 1.2 टक्के. आणि महाराष्ट्राचं खरं व्यसन धुराचं नाहीच. इथले 24 टक्क्यांवर प्रौढ तंबाखू चघळतात, मळतात, मिश्री लावतात. धूर ओढणारे 3.8 टक्के. तेव्हा तोंडाची तपासणी मागं सारून फुप्फुसाकडे पैसा वळवा, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. पण हाच 3.8 चा आकडा दुसऱ्या बाजूनं वाचा. राज्यातले धूर ओढणारे तीस-पस्तीस लाखांच्या घरात, त्यांतले पन्नाशी ओलांडलेले आणि वर्षानुवर्षं ओढणारे त्याहून कितीतरी कमी. ही यादी आवाक्यातली आहे. एका जिल्ह्यापुरती तर फारच. परवडत नाही हे मी ऐकून घेईन, पण ते आधी मोजून सांगा. चौथ्या टप्प्यातल्या रुग्णाला जन आरोग्य योजनेतून किंवा घर विकून मिळणाऱ्या औषधांचा खर्च त्याच तागडीत टाकून सांगा.

इंग्लंडमध्ये 2019 पासून हे स्कॅन ट्रकमध्ये बसवून सुपरमार्केटच्या वाहनतळांवर नेऊन उभे केले, आधी जिथं धूम्रपान आणि गरिबी जास्त तिथं. धूर ओढलेल्यांना फॅमिली डॉक्टरच्या यादीवरून पत्रं गेली. तिथं सापडलेल्या कर्करोगांपैकी तीन चतुर्थांश पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले निघाले. उलट अमेरिकेत हाच स्कॅन ज्याचा त्यानं मागून घ्यायचा, विमा पैसे देतो, तरी दहा वर्षांनंतरही पात्र लोकांपैकी पाचव्या हिश्शालाही तो पोचलेला नव्हता. बोलावणं आणि विकणं यांत एवढा फरक पडतो.

इंग्लंडच्या त्या ट्रकमध्ये आलेल्या माणसाला सिगारेट सोडण्याची मदतही तिथंच देतात. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 2011 च्या त्याच अमेरिकी चाचणीच्या आकड्यांवरून पुढं दिसलं, की सात वर्षं सिगारेट सोडल्यानं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मृत्यूत जेवढी घट होते, ती साधारण स्कॅननं होणाऱ्या घटीएवढीच असते. आणि विडी सोडली की हृदयही वाचतं. 'रिपोर्ट नॉर्मल' ऐकून बाहेर पडलेला माणूस आनंदानं पहिली विडी शिलगावणार असेल, तर तो स्कॅन केला नसता तरी चाललं असतं.

चुलीपुढं जन्म काढलेल्या बायकांचं काय, हे माझी बायको मला हा लेख वाचून विचारणार आहे. त्यांच्यातही हा कर्करोग दिसतो, धूर न ओढता. तैवाननं तर 2022 पासून घरात कुणाला हा रोग झालेल्यांनाही, सिगारेट ओढत नसले तरी, राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. पण धूर न ओढणाऱ्यांत स्कॅननं मरणं कमी होतात, हे दाखवणारी तोलामोलाची चाचणी अजून झालेली नाही. थायरॉइडच्या सोनोग्राफीचं दक्षिण कोरियात काय झालं ते डोळ्यांपुढं आहे: 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कर्करोगाची निदानं पंधरा पट झाली, हजारोंच्या ग्रंथी काढल्या, मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणून चुलीच्या बायकांना मी आज स्कॅनच्या यादीत घालणार नाही. उज्ज्वलाचा दुसरा सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल परत पेटते, तिथं पैसा घाला. आणि बाईचा खोकला तीन आठवड्यांवर गेला, तर 'धुरानं होतंय' म्हणून घरी पाठवू नका.

राहिली पॅकेजं. ती बंद करा असं मी म्हणत नाही, पण मोकाटही सोडू नका. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा करणारं राज्य महाराष्ट्रच, 1988 मध्ये. पुढं देशभरचा कायदा आला आणि सोनोग्राफीमागं कारणाची नोंद ठेवायची सवय आपल्या डॉक्टरांना लागली, कुरकुरत का होईना. गर्भवतीची सोनोग्राफी 'फॉर्म एफ' भरल्याशिवाय होत नाही. लो-डोस स्कॅनसाठी तेवढी कडक तरतूद नको, तुरुंग तर नकोच. चार ओळी पुरेत: वय किती, काय ओढता, किती वर्षं, गाठ निघाली तर पुढं कोण बघणार. पहिल्या तीन ओळींची उत्तरं बसत नसतील, तर त्या माणसाचा स्कॅन करू नये, फुकट तर अजिबातच नाही. आणि चौथी ओळ कोरी असेल, तर कुणाचाच करू नये.

हा लेख लिहीत असताना शाळासोबत्याचा फोन आला. तब्येत झकास आहे, उतरलेले चार किलो सहा होऊन परत आलेत. यंदाही तो त्या केंद्रात जाणार आहे. जोडीनं नाव नोंदवलं, तर बायकोचा फुप्फुसाचा स्कॅन निम्म्या किमतीत आहे म्हणे.